डावा पाय

ट्रेसिंग पेपर पिवळा पडला आहे, घडीवर फाटायला आला आहे, पण रेघ शाबूत आहे. सहा वर्षांच्या पोरीचा डावा पाय. टाचेपासून निघून अंगठ्याला वळसा घालून परत टाचेला येऊन मिळालेली निळी रेघ करंगळीपाशी थोडी हलली आहे. तिथं मला गुदगुल्या झाल्या असणार. खाली बाबांच्या ठसठशीत अक्षरात नोंद आहे : 'दि. २६ जून १९९३. स्थळ : नागपूर, घर. लांबी १८.५ सें.मी. मातीचा प्रकार : सारवलेलं अंगण. दिशा : शाळा.'

असे माझे अकरा पाय आहेत. दादाचे नऊ. आईचा एकच, आणि त्यात दुसऱ्या बोटापाशी रेघ बाहेर फुगली आहे, कारण आईनं जोडवी काढायला नकार दिला होता.

बाबा वनरक्षक होते. १९७३ साली जुन्या भंडारा जिल्ह्यात (गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होतं) खात्यात लागले आणि २००८ साली वनपाल म्हणून निवृत्त झाले. मधली बहुतेक वर्षं नागझिऱ्याच्या आसपास गेली. त्या काळात वाघ मोजायचे ते पावलांवरून. वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ साली बसवून दिलेली ती पद्धत होती. गणनेच्या आधी जंगलातल्या वाटांवर बारीक माती पसरून ठेवायची, पहाटे जाऊन ठसे शोधायचे, आणि मागच्या डाव्या पायाचा चांगला ठसा मिळाला की त्यावर काचेची चौकट धरून तो काचेवर उतरवायचा. काचेवरून मग कागदावर. सोबत तारीख, जागा, माती कसली होती ते लिहायचं, कारण ओल्या मातीत ठसा पसरतो आणि कडक मातीत आखडतो. बाबांचा हात या कामात बसलेला होता. शेजारच्या बीटचे गार्डसुद्धा ठसा उतरवायला त्यांना बोलावून नेत.

ही पद्धत आता मोडीत निघाली. एकच ठसा दोन माणसांनी उतरवला तर दोन वाघ निघतात, असे आक्षेप आले आणि ते खरेच होते. २००६ पासून देशभर कॅमेरा ट्रॅप आणि आकडेमोडीची नवी पद्धत आली. मी खात्यात आले तेव्हा ट्रेसिंगच्या काचा रेंज ऑफिसच्या कोपऱ्यात धूळ खात पडल्या होत्या. तरी एक गोष्ट मला आता उमगते, की ज्या माणसाला महिन्यातून दोन दिवस घरी यायला मिळतं त्याला आपली मुलं किती वाढली हे मोजायला दुसरं कोणतं हत्यार माहीत असणार? दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा करणारे बाप असतात. माझ्या बापाला पाय मोजता येत होता.

आम्ही नागपुरात राहायचो, मानेवाड्याकडं, भाड्याच्या दोन खोल्यांत. मुलांच्या शाळेसाठी आईला नागपुरात ठेवायचं आणि आपण जंगलातल्या नाक्यावर राहायचं, ही वनखात्यात सगळ्यांचीच रीत. आजही आहे. पगार झाला की बाबा साकोलीहून एसटीनं यायचे. गणेशपेठच्या स्टँडवरून घरापर्यंत बरेचदा पायी. अंगाला धुराचा, घामाचा आणि कसल्यातरी पानांचा वास असायचा. आई म्हणायची, आधी आंघोळ करा. मला तो वास जाऊ द्यायचा नसायचा.

माझ्या मैत्रिणींना वाटायचं, हिचे बाबा जंगलात आहेत तर हिच्या घरी मोरपिसं, साळिंदराचे काटे, शिंगं, मध असं सगळं असणार. आमच्या घरी यातलं काही नव्हतं. एकदा, मी तिसरीत असेन, शाळेत एका मुलीनं मोरपीस आणलं आणि मी बाबांच्या मागं लागले. तुमच्या जंगलात इतके मोर, एक पीस नाही आणता येत? मी रडले, जेवले नाही. बाबा माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "काहून रडते? पीस त्याचं हाय, जंगलाचं हाय. आपण तिथं राखणीले हाओ." अभयारण्यातून पडलेलं पानही उचलायचं नाही, हा त्यांच्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या कलमापेक्षा मोठा नेम होता. उन्हाळ्यात आमच्यासाठी टेंभरं आणायचे, चारोळीची चारं आणायचे, पण साकोलीच्या बाजारातून पैसे देऊन. ज्या बाईकडून घेतली तिचं गावही सांगायचे.

मग जंगलातून घरी यायचं काय? फक्त बोलणं. रात्री जेवणं झाली की अंगणात खाटा टाकायचे आणि बाबा सांगायला लागायचे. त्यांच्या सांगण्यात वाघ फार कमी वेळा यायचा. नागझिऱ्याच्या तलावावर पहाटे धुकं कसं उठतं ते यायचं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी का असते, वणव्यात ती त्या झाडाला कशी वाचवते. अस्वल मोहाखाली कसं गुंगतं. नाक्यावर वीज नव्हती. कंदील लावून जेवायला बसलं की कंदिलाभोवती येणाऱ्या किड्यांवर एक रातवा झेपावायचा, आवाज न करता, आणि ताटावरून सावली गेली की बाबा म्हणायचे, पाहुणे आले. रातवा मी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिला तो वयाच्या चोविसाव्या वर्षी, पण जीपच्या उजेडात रस्त्यावर ते दोन लाल डोळे चमकले तेव्हा मला ओळख करून घ्यावी लागली नाही.

पक्ष्याचं नाव ते लगेच सांगायचे नाहीत. आम्ही काही पाहिलं आणि विचारलं की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. "बसला कुठं होता? शेपूट कशी ठेवून राहिला होता? एकटा होता का दुकटा?" आम्हाला उत्तर आलं नाही तर म्हणायचे, मग उद्या पुन्हा पाहा, नाव कुठं पळून जात नाही. दादाला याचा कंटाळा यायचा. तो आज पुण्यात कंपनीत आहे आणि सुखी आहे. मला मात्र त्या तीन प्रश्नांची सवय लागली ती लागलीच.

आमच्या घरी पुस्तकं म्हणावीत अशी पाच-सहा होती. त्यातली तीन मारुती चितमपल्लींची. मराठी वाचकांना ते लेखक म्हणून माहीत आहेत. आम्हा वनखात्यातल्या लोकांना ते आधी 'आपल्या खात्यातले साहेब' म्हणून माहीत असतात. ५ नोव्हेंबर १९३२ ला सोलापुरात जन्म. रानाची ओढ आईकडून आणि मामांकडून आलेली. कोइमतूरला वनशिक्षण घेऊन ते खात्यात आले आणि कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा ठिकाणी कामं करत १९९० साली मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक म्हणून निवृत्त झाले. पुढं कितीतरी वर्षं ते आमच्या नागपुरातच राहिले आणि इथं बसून त्यांनी कोशांचं ते डोंगराएवढं काम उपसलं. पक्षिकोश, प्राणिकोश, वृक्षकोश. हंसदेवाचं 'मृगपक्षिशास्त्र' त्यांनी संस्कृतातून मराठीत आणलं. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा बाबांनी ते वर्तमानपत्र घडी घालून ट्रंकेत ठेवलं. ट्रंकेत ठेवणं हा बाबांचा सर्वोच्च पुरस्कार होता.

बाबा त्यांच्या हाताखाली कधी नव्हते. बदल्यांचं गणित तसं जुळलं नाही. पण चितमपल्ली ज्या माणसांबद्दल लिहीत ती बाबांची माणसं होती. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार, एकेकाळचे शिकारी आणि पुढं त्याच जंगलाचे जाणते राखणदार. तलावावरचे ढिवर, ज्यांना माशाच्या उडीवरून मासा ओळखता येतो. वाटाडे गोंड. या माणसांनी सांगितलेलं एखादा मोठा अधिकारी मान खाली घालून ऐकतो, वहीत उतरवतो आणि ते छापून येतं, याचं बाबांना फार अप्रूप होतं. साहेब लोक सांगतात आणि गार्ड ऐकतो, ही खात्याची चाल. इथं उलटं झालं होतं.

त्या तीन पुस्तकांच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात नोंदी आहेत. बाबा वाचता वाचता उत्तर द्यायचे. पुस्तकात नीलगाय आली की बाजूला 'आपल्याकडं रोही'. भेकर आलं की 'भेडकी'. ऐन म्हटलं की 'येन'. एके ठिकाणी एका पक्ष्याच्या घरट्याबद्दल काही आहे, तिथं बाबांनी लिहिलंय : 'पिटेझरी रस्ता, जांभळीवर, मी दोन पाहिले, एप्रिल.' वाद घालायला म्हणून नाही, भर घालायला. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला चितमपल्लींनी 'सारंगागार' हा शब्द वापरला आहे, कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार'. हे शब्द बाबांना इतके आवडले की आमच्या दोन खोल्यांत दिवाळीला सगळे नातेवाईक जमले की ते म्हणायचे, आज आपलं सारंगागार भरलं.

मी एकदा म्हटलं, बाबा, ते इथंच राहतात, आपण जाऊन भेटू. ते संकोचले. "मी काय सांगू जाऊन त्यायले? गार्ड माणूस मी." मी हट्ट धरायला हवा होता. समासातल्या नोंदी घेऊन जायला हवं होतं. नाही गेलो. ही रुखरुख आता भरून निघणारी नाही.

मी खात्यात जायचं ठरवलं तेव्हा घरात आनंदीआनंद झाला असं नाही. आई तीन दिवस बोलली नाही. एक माणूस जंगलाला दिला तो पुरे नाही का, असं तिचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नव्हतं. आमची दुखणी, शाळेच्या फिया, घरमालकाची कटकट, दादाचा मोडलेला हात, सगळं तिनं एकटीनं काढलं होतं. बाबांनी मला थांबवलं नाही आणि ढकललंही नाही. चालण्याच्या परीक्षेसाठी महिनाभर रोज पहाटे माझ्यासोबत अंबाझरीला यायचे. निवृत्त माणूस, गुडघे दुखायचे, पण मी धावायचे आणि ते बांधावर बसून पाणपक्षी पाहायचे. रुजू व्हायला निघाले त्या दिवशी त्यांनी ट्रेसिंग पेपर काढला. चोवीस वर्षांच्या बाईचा पाय कागदावर काढायला काहीतरीच वाटत होतं. त्यांनी गंभीरपणे काढला. 'दि. ३ ऑक्टोबर २०११. लांबी २३.५ सें.मी. मातीचा प्रकार : फरशी. दिशा : जंगल.'

वनरक्षकाचं काम लोकांना वाघाशी जोडून आठवतं. खरं काम चालण्याचं आणि लिहिण्याचं असतं. आपल्या बीटमधले कक्ष फिरायचे. कुठं झाड तुटलं, कुठं तारेचा फास लावला, कुठं पाणवठा आटला ते पाहायचं आणि दैनंदिनीत मांडायचं. फेब्रुवारीत जाळरेषा काढायच्या. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडायला लागला की झोप उडते, कारण फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि एका काडीनं डोंगर जातो. मेमध्ये तेंदूपत्ता. नागपूरकर पंचेचाळीस अंशांत कूलरसमोर बसतात तेव्हा आम्ही हिरव्या फांद्यांनी आग झोडपत असतो. पहिल्या उन्हाळ्यात माझ्या भुवया जळाल्या. घरी आले तर आईनं तोंडाकडं पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेली. बाबांनी विचारलं, वारा कुठून होता? मी सांगितलं. ते म्हणाले, मग तू चुकीच्या बाजूनं उभी होती. एवढंच. मला त्या क्षणी फार राग आला होता. नंतर प्रत्येक आगीत मी आधी वारा पाहते.

मग काही वर्षं मी उमरेड-कऱ्हांडल्याच्या बाजूला होते. ते अभयारण्य २०१२ साली झालं, आणि २०१३ मध्ये तिथं जय आला. जय म्हणजे तो थोराड नर, ज्याच्यासाठी पुढं मुंबईहून लोक यायला लागले. तो जन्मला होता नागझिऱ्यात. तिथून निघून गावं, शेतं, राष्ट्रीय महामार्ग, वैनगंगा असं सगळं ओलांडत तो इकडं आला होता. बाबांना मी हे फोनवर सांगितलं तर ते काही वेळ बोलेनात. मग म्हणाले, "आपल्या गावचा पोरगा हाय तो. नजर ठेव जो." त्यानंतर प्रत्येक फोनला आधी घरची चौकशी, मग जयची. एप्रिल २०१६ पासून त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरचा पत्ता लागेना. आम्ही पायी फिरलो, नाले पाहिले, विहिरी पाहिल्या. तो सापडला नाही. बाबांना सांगायची माझी हिंमत होत नव्हती, त्यांनी ते पेपरात वाचलं. पुढचे काही महिने ते फोनवर जयचं नाव काढायचे नाहीत. मीही काढत नसे. घरातलं कुणी दूर गेलं आणि परतलं नाही की जसं त्या खुर्चीकडं कुणी पाहत नाही, तसं.

बाबा फेब्रुवारी २०१८ मध्ये गेले. चार दिवस ताप, मग दवाखाना, मग पहाटे कळवलं. मी आदल्या रात्री पोचले होते, त्यांनी माझ्याकडं पाहिलं होतं. याहून जास्त त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

तेरवीचं मात्र सांगायचं आहे. तेरवीला दुपारी पंगत चालू असताना दारात सहा माणसं उभी राहिली. पायांत टायरच्या चपला, खांद्यावर दुपट्टे. चोरखमारा, पिटेझरीकडची, बाबांसोबत काम केलेले जुने वनमजूर. पहाटेच निघाले होते. त्यातले सगळ्यात म्हातारे काका माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "तू लहानी ना? तुले पालीचा भेव वाटते."

मी चमकले. मला पालीची भीती वाटते हे माझ्या नवऱ्याला लग्नानंतर वर्षभरानं कळलं.

मग ते सगळेच बोलायला लागले. त्यांना माझे दहावीचे गणिताचे मार्क माहीत होते. दादाचा हात सायकलवरून पडून मोडला तेव्हा बाबांना सुटी मिळाली नव्हती. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि नाक्याभोवती चालत राहिले, हे त्यांनी सांगितलं. आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. आई पोळ्या किती पातळ लाटते हे त्यांना माहीत होतं. आईच्या हातचं तिळाचं तिखट बाबा नाक्यावर नेत आणि एकेक चमचा वाटत, वर सांगत, जपून, महिना काढायचा आहे. त्यांच्यातल्या एकानं मला विचारलं, ते ट्रेसिंगचे कागद अजून आहेत का? कारण घरून परत गेले की बाबा तो ताजा कागद आधी नाक्यावर सगळ्यांना दाखवत. पोरीचा पाय वाढला, एवढा वाढला, असं बोटानं मोजून दाखवत. वाघाच्या ठशांच्या शेजारी भिंतीला दोन-चार दिवस तो कागद टाचलेला असे.

मला आयुष्यभर वाटत आलं होतं की बाबा जंगल घरी आणतात. ते घर जंगलात नेत होते हे मला त्या दिवशी, ताटांच्या खणखणाटात, अनोळखी माणसांकडून कळलं. आई दाराशी उभी राहून ऐकत होती. तिनं पदर तोंडाला लावला नाही, रडली नाही. आत गेली, बरणीतलं तिळाचं तिखट काढलं आणि सहा पुड्या बांधल्या.

ट्रंक उघडली ती त्यानंतर. त्यात सगळे पाय, चितमपल्लींची तीन पुस्तकं, संमेलनाचं वर्तमानपत्र आणि बाबांच्या खिशातल्या डायऱ्या. सरकारी दैनंदिनी वेगळी, ती ऑफिसात जमा होते. या त्यांच्या स्वतःच्या. एका पानावर : 'क. क्र. (आकडा पुसट), बिबट विष्ठा, जुनी. नाल्यात पाणी आठ दिवसांचं. लहानीला सॅन्डल.' पुढं : 'दोन सारस, शेतात. बायकोला चष्मा.' अशी पानंच्या पानं. त्यांनी कुठं परिच्छेद पाडलेला नाही, घराचं एक आणि कामाचं एक असं केलेलं नाही.

मलाही आता दहा वर्षांची मुलगी आहे. ती नागपुरात, तिच्या बाबांकडं आणि माझ्या आईकडं असते. मी चौकीत असते. आईनं जे काढलं ते आता माझा नवरा काढतो, आणि जावयाबद्दल आई जितकं कौतुकानं बोलते तितकं ती बाबांबद्दल कधी बोलली नव्हती. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोब्यात कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेच्या सर्वेक्षणासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकावर वाघिणीनं हल्ला केला आणि त्यात ती गेली. त्याच कामासाठी, तशाच पायवाटांवर मी त्या हंगामात चालत होते. मजूर मागं, आपण पुढं, हातात काठी. त्या रात्री आईचा फोन आला. ती नोकरी सोड म्हणाली नाही. तिनं विचारलं, जेवली का? मग मुलीला फोन दिला. मुलगी शाळेतलं काहीतरी सांगत राहिली आणि मी ऐकत राहिले, आणि फोन ठेवल्यावर शेजारी बसलेल्या वनमजूर काकांना मी मुलीबद्दल सांगायला लागले. ती भात कसा चिवडते, तिला गणपतीतले ढोल कसे सहन होत नाहीत. ते हसून म्हणाले, मॅडम, हे तुम्ही मागच्या महिन्यात सांगितलं.

५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आता राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात, २०२० पासून. चितमपल्लींचा वाढदिवस ते पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा वाढदिवस. त्या आठवड्यात आम्ही गावातल्या शाळेची मुलं तलावावर नेतो. आमच्याकडं दुर्बिणी दोनच, मुलं चाळीस. मी त्यांना नावं सांगत नाही. कुठं बसला, शेपूट कशी ठेवून राहिला, एकटा की दुकटा. सोबतच्या एका गुरुजींना पहिल्या वर्षी वाटलं की मॅडमना नावं येत नसतील. आता तेही तसंच विचारतात.

१८ जून २०२५ ला संध्याकाळी आमच्या गार्ड लोकांच्या ग्रुपवर बातमी आली : सोलापूरला चितमपल्ली साहेब गेले. वय ९२. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती, आणि अखेरच्या काळात ते जिथं जन्मले तिथं, सोलापूरला, परतले होते. मी तेव्हा पावसाळ्याआधीची शेवटची फेरी संपवून चौकीच्या ओट्यावर बूट सोडत होते. पाऊस यायचा होता, हवा दाटलेली होती. ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं येत होती. कुणीतरी लिहिलं, आपल्यातला माणूस गेला. मला बाबांची आठवण इतकी जोरात आली की एक बूट हातात आणि एक पायात, अशी मी अंधार पडेपर्यंत बसले. एका माणसाला मी कधी भेटले नव्हते, आणि दुसऱ्याच्या अंगाखांद्यावर वाढले होते. पण समासातली पेन्सिल आणि छापलेली ओळ एकाच पानावर होती. एक पुसट झाली तर दुसरी किती दिवस ओळखू येईल, असं काहीतरी मनात आलं.

पुढच्या सुटीत घरी गेले तेव्हा पुस्तकं काढली. बाबांच्या नोंदी एका वहीत उतरवायला घेतल्या आहेत, अकारविल्हे, पान क्रमांक घालून. पेन्सिल काही ठिकाणी वाचता येत नाही. जिथं जागेचं नाव आहे तिथं त्या गावातल्या जुन्या मजुरांना फोन लावते. जांभळीवरची दोन घरटी कोणती, असं विचारलं तर त्या मजुरांतल्या एकाला ते झाडच आठवतं; म्हणाले, आता नाही ते, वादळात पडलं. तेही लिहून घेतलं. माझी मुलगी शेजारी बसून रेघा मारून देते. बाबांनी तिचा पाय दोनदाच काढला. दुसरा २०१७ चा, १२.५ सेंटिमीटर, दोन वर्षांची होती, बोटं नुसती पाच ठिपके. तिनं तो कागद बराच वेळ हातात धरला आणि त्यावर आपला आताचा पाय ठेवून पाहिला.

मग ती कंपासपेटी घेऊन आली. म्हणाली, आई, तुझा डावा पाय दे.

मी फरशीवर पाय ठेवला. तिनं पेन्सिल उभी धरली, जीभ ओठावर आणून, टाचेपासून सुरुवात केली. करंगळीपाशी मी पाय हलवला आणि ती ओरडली, हलू नको ना. तारीख लिहिली. पट्टीनं मोजून लांबी लिहिली, ती अर्ध्या सेंटिमीटरनं चुकली, तिला पुन्हा मोजायला लावलं. मग बाबांचा जुना कागद समोर धरून ती पुढचा रकाना वाचायला लागली.

"मातीचा प्रकार काय लिहू?"

"जे आहे ते लिही."

तिनं खाली पाहिलं, बोटानं घासून पाहिलं आणि लिहिलं : टाइल्स, पुसलेल्या.